कुलवृत्तांतात काय घालायचं

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी माहिती मागवली आहे. काकांचं म्हणणं, आजोबांच्या सावकारीचा, गहाण जमिनींचा उल्लेख नको; मुलींची लग्नं व्हायची आहेत. तू बुडापेस्टला आहेस म्हणून मला तिथल्या एस्टरहाझी या सरदार घराण्याची आठवण झाली.

मुळात साधं जमीनदार घर. मिक्लोशने एकीमागून एक दोन श्रीमंत विधवांशी लग्नं केली आणि नशीब उघडलं. 1625 मध्ये तो राजाखालोखालच्या पदावर बसला, मुलगा पाल 1687 मध्ये प्रिन्स झाला. एवढं मिळाल्यावर पूर्वजही तोलामोलाचे हवेत! 1700 साली पालने व्हिएन्नात जाडजूड लॅटिन वंशावळ छापवली, पूर्वजांच्या पानपान चित्रांसह. मूळ थेट हूणांचा राजा अत्तिला याच्याशी नेऊन भिडवलं. आपल्याकडचे भाट बरे म्हणायचे.

पुढचा मिक्लोश संगीतवेडा. हंगेरीतल्या फेर्टोडचा महाल त्याचाच. संगीतकार जोसेफ हायडन याच घराण्याचा नोकर. 1761 च्या करारात त्याने पांढरे मोजे घालायचे, केसांना पावडर लावायची आणि रोज हुकमासाठी बाहेरच्या दालनात हजर राहायचं, असं लिहिलेलं.

मला मात्र त्यांच्यातला लेखक पेटर महत्त्वाचा वाटतो. त्याचे आजोबा 1917 मध्ये काही आठवडे पंतप्रधान होते. कम्युनिस्ट राजवटीत 1951 साली या कुटुंबाला बुडापेस्टमधून खेड्यात हाकललं. पेटर तेव्हा तान्हा होता. पुढे त्याने वडिलांवर आणि घराण्यावर मोठी कादंबरी लिहिली. ती हातावेगळी होत असतानाच त्याला जुन्या गुप्त पोलिसांच्या फायली बघायला मिळाल्या. अक्षर वडिलांचं! 1957 पासून ते खबरी होते. वडील तोवर वारलेले. गप्प बसला असता तर कुणी विचारलं नसतं. त्याने 2002 मध्ये ते सगळं वेगळ्या पुस्तकात छापलं, वडिलांचे अहवाल जसेच्या तसे उतरवून. वाचताना रडू आलं तिथे नुसतं एक अक्षर लिहून पुढे गेलाय. वडिलांवरची माया कुठे आटलेली नाही, आणि सूटही कुठे दिलेली नाही.

तर आजोबांवरचा मजकूर मीच लिहिते आहे, काकांना तसं कळवलंय. त्यांनी पोरांना शिकवलं, विहीर बांधली, तेही येईल. कच्चा मसुदा रविवारी पाठवते. गहाणखतांचे तू काढलेले फोटो फोनमध्ये असतील तर नावं ताडून बघ, दोन ठिकाणी अक्षर लागत नाहीये.

तुझी,
आई