कुर्डुवाडीच्या दोन रुळांबद्दल

सोलापूर,
रविवार रात्र

प्रिय अवी,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याचं उत्तर आधी देतो, खुशाली मागाहून. आपल्या मॉडेल रेल्वेत ब्रॉडगेजसाठी बाजारात मिळतो तो साडेसोळा मिलिमीटरचाच ट्रॅक टाकू, फूटपट्टी घेऊन कोण बघायला येतंय, असं तू लिहिलंस. तुझ्या भोर घाटाच्या मॉडेलापुरतं मला ते पटतं. तिथे सगळे रूळ एकाच मापाचे, शेजारी ताडून बघायला दुसरं काही नाही. पण कुर्डुवाडीच्या यार्डात हे चालणार नाही, आणि का ते नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर. आपली मॉडेलं एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाची. ८७ ने भागलं की १९.३ येतात. बार्शी लाइट रेल्वेचं नॅरोगेज ७६२, त्याचे येतात ८.८. एन स्केलचा, म्हणजे एचओहून लहान मापाच्या मॉडेलांचा, ट्रॅक ९ मिलिमीटरचा, म्हणजे तो बार्शी लाइटला जवळजवळ अंगचाच बसतो. युरोप-अमेरिकेत एचओवाल्यांना साडेसोळाचा ट्रॅक चपखल बसतो, कारण त्यांचं गेज १४३५. आपल्याला तो पावणेतीन मिलिमीटर कमी पडतो. गाडी एकटी असली की डोळा हे सांभाळून घेतो. पण कुर्डुवाडीत दोन्ही लाइनी शेजारी-शेजारी. खऱ्यात मोठं गेज लहान्याच्या २.२ पट, आणि साडेसोळा घेतलं तर १.८३ पट. मोठी गाडी आक्रसते आणि लहान गाडी लहान वाटेनाशी होते. बार्शी लाइट बघणाऱ्याला पहिली जाणवायची ती तिची लहानखुरी चण. तीच गेली, तर मग आपण कोणती गाडी केली?

आमच्याकडे रविवारी मॉडेलवाले जमतात, तिथे एक काका येतात. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्यासमोर मी दोन्ही तुकडे ठेवले, साडेसोळाचा आणि शेजारी नऊचा, त्यावर एकेक डबा. मापाचं काही बोललो नव्हतो. चष्मा वर करून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "मोठ्या लाइनीनं अंग चोरलंय की हो." बस्स. फूटपट्टी घेऊन कोण येतंय, या तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. ज्याने आयुष्यभर त्या चाकांखाली हात घातलेत, त्याला फूटपट्टी लागत नाही.

आणि ही अडचण काही आपल्याच वाट्याला आलेली नाही. इंग्लंडात १:७६ ची गाडी साडेसोळाच्याच ट्रॅकवर पळवतात आणि तिथेही ट्रॅक अरुंदच पडतो. काही जणांनी त्यावर १८.८३ मिलिमीटरचं मोजून माप ठरवलं आणि रूळ हाताने घालायला घेतले. त्यांना जमतं तर आपल्यालाही जमेल. कुर्डुवाडीत आपल्याला ब्रॉडगेजची अख्खी मेन लाइन कुठे हवीय? मालधक्क्याला लागून एक साइडिंग आणि त्यावर उभ्या दोन-तीन वाघिणी, इतकंच. त्या हलणारही नाहीत.

तर आता केलं काय ते ऐक. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पीसीबीचा, म्हणजे सर्किट काढायचा, तांब्याचा थर दिलेला कोरा बोर्ड मिळतो, तो आणला आणि त्याच्या पट्ट्या कापून स्लीपर केले. मोठ्या लाइनचा लाकडी स्लीपर ९ फूट लांब, १० इंच रुंद. एचओमध्ये एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरायचे, म्हणजे लांबी ३१.५ आणि रुंदी जेमतेम ३. प्रत्येक पट्टीवर मधोमध कानशीने तांबं खरवडून रेघ पाडायची, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जाऊन शॉर्ट होतं. पुढे-मागे कधी वीज सोडायची झालीच तर सोय असावी, म्हणून उभ्या साइडिंगलाही ती रेघ पाडलीच. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका लेथवाल्याने पितळेचा ठोकळा काढून दिला, त्यावर १९.३ अंतरावर दोन खाचा. खाचांत रूळ बसवायचे, खालून स्लीपर सरकवायचा, फ्लक्सचा थेंब, आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक रुळाच्या बाहेरच्या बाजूने टेकवायचं. कथील चकाकतं, रुळाच्या पायाशी एका क्षणात पसरतं आणि लगेच मळकट होतं. मळकट झालं की पुढच्या स्लीपरकडे. तासाभरात वीतभर रूळ होतो. पण तो रूळ जेव्हा नऊच्या शेजारी ठेवला तेव्हा काका नुसते हसले. मला तेवढं पुरलं.

रुळाच्या उंचीचंही बोलतो, कारण तू कोड ८० चा फ्लेक्स, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा, ट्रॅक मागवायचं म्हणतोयस. कोड ८० म्हणजे ०.०८० इंच, २ मिलिमीटर उंच रूळ. ८७ ने गुण, १७७ होतात. आजच्या मेन लाइनवरचा मीटरला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे आपली बार्शी लाइट त्याहून जाड रुळावर उभी राहणार! तेव्हा निदान कोड ५५ घे, कोड ४० मिळाला तर उत्तमच. शिवाय एन ट्रॅकचे स्लीपर फार दाट असतात. नॅरोगेजचा स्लीपर आखूड आणि अंतरावर. पेको कंपनी नॅरोगेजसाठी वेगळा ट्रॅक करते, स्लीपर विरळ आणि मुद्दाम वेडेवाकडे, तो बघ.

हलका रूळ हा तर बार्शी लाइटचा जीव. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने ही लाइन आखली ती एका हट्टापायी: कुठल्याही एक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, मग तो इंजिनाचा असो की भरल्या वाघिणीचा. भार सगळीकडे सारखा वाटला की रूळ हलका चालतो, पूल स्वस्त पडतात, आणि गाडी मात्र लांबच्या लांब करता येते. म्हणून नॅरोगेज असूनही वाघिणी २५ फुटांच्या, बोगीवाल्या. आपल्या मापात साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, कुर्डुवाडीचं स्टेशन तेव्हा बार्शी रोड. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची, ०-८-४, आठ जोडचाकं आणि मागे चार. तेवढ्या लहान इंजिनाला इतकी चाकं कशाला, हा प्रश्न आमच्याकडे नवा येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि उत्तर तेच, ५ टन.

हे इंजिन करायला घेतलंय एका इंजिनिअरिंगच्या पोराने. खाली एन स्केलचं जपानी चासी, वर थ्रीडी प्रिंटचं अंग. पहिलं अंग छान उतरलं होतं. पीएलए प्लास्टिकचं होतं आणि मे महिन्याच्या दुपारी बंद गाडीत डॅशबोर्डवर राहिलं. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत तेवढं व्हायला वेळ लागत नाही. बॉयलर पार बसला. आता दुसरं अंग उष्णता जास्त सोसणाऱ्या एबीएस प्लास्टिकचं करतोय. आपल्या भागात राहणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. रुळांचंही तेच. निकेल सिल्व्हरचा मीटरभर रूळ थंडीतून उन्हाळ्यात येताना साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. थंडीत रूळ घालशील तर जोडात फट सोड, भर उन्हाळ्यात घालशील तर टोकाला टोक भिडलं तरी चालेल.

आमच्या अण्णांचं काम या महिन्यात सगळ्यात देखणं झालंय. त्यांचे यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. मागाखाली कापसाचा जो भुगा साठतो तो त्यांनी आणला, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि चाळून गवत म्हणून पेरला. मला विचारशील तर विकतच्या स्टॅटिक ग्रासपेक्षा हे दहापट बरं. ते बाहेरचं गवत हिरवंगार असतं. आपल्याकडे दिवाळीनंतर रुळाकडेला असं हिरवं कुठे दिसतं? पिवळं, वाळलेलं, मध्येच काळी माती उघडी पडलेली, तेच त्यांनी केलंय. काळ्या मातीवर मात्र आम्ही बराच वाद घातला. खरी काळी माती चाळून टाकली की फेव्हिकॉल पिऊन ती डांबरासारखी दिसते. लांबून बघताना रंग फिका होतो, हे लहान मापात आपल्याला हाताने करावं लागतं, म्हणून तीत राखाडी रंगाची पूड मिसळली. रुळाखालची खडी क्रशरवरची डस्ट, चहाच्या गाळणीतून काढलेली. आधी कोरडीच पसरायची, कुंचल्याने स्लीपरच्या मधे बसवायची, मग भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकलेलं पाणी फवारायचं आणि त्यावर पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा. लिक्विडशिवाय केलंस तर गोंद थेंब धरून बसतो आणि खडीला खड्डे पडतात.

मी स्वतः मालधक्का घेतलाय. गेज बदललं की माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचा, हे कुर्डुवाडीचं रोजचं काम होतं. एकीकडे मोठी वाघीण, एकीकडे बार्शी लाइटची, मधे धक्का आणि धक्क्यावर कापसाच्या गाठी. सहा फुटी माणूस २१ मिलिमीटरचा होतो. हमाल तारेचे केलेत, वर कागद आणि रंग, डोक्याला मुंडासं. एकाच्या पाठीवर गाठ आहे आणि तो गुडघ्यात वाकलाय. तो वाक जमायला मला खूप वेळ लागला, पण त्याच्याकडे बघून वजन कळतं. वाघिणींच्या पत्र्यावरचे रिव्हेट मागच्या बाजूने रिकाम्या बॉलपेनने दाबून काढले.

कुर्डुवाडी-पंढरपूर पन्नास किलोमीटरच्या घरात. १:८७ ने केली तरी पावणेसहाशे मीटर होते, ते कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून आम्ही चार फुटी फळ्या केल्यात, प्रत्येकाची एक, बोल्टने जोडायच्या. टोकाला रुळाची जागा आणि जमिनीपासूनची उंची सगळ्यांची एकच. मधे आपापलं. एकाने आषाढीची गाडी घेतलीय, टपावर बसलेल्या वारकऱ्यांसकट. पताका अजून व्हायच्यात.

तुझ्या घाटाचंही वाचलं. इंजिन चढावर घसरतं म्हणतोस. भोर घाट १८६३ पासून १:३७ चा चढ, म्हणजे मीटरला २७ मिलिमीटर. खऱ्या गाडीलाही बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, लावावा लागतो, तर तुझ्या इंजिनाला दोष देऊ नकोस. चढात वळण आहे तिथे चढ थोडा कमी कर, वळणाचा अडथळा वेगळा मोजावा लागतो. चढाच्या पायथ्याशी एकदम कोन करू नकोस, दोन डब्यांच्या लांबीत हळूहळू उचल. इंजिनात चाकांच्या वर शिसं भर. आणि सरळ बँकर लाव. भोर घाटात बँकरसारखी शोभा दुसरी नाही.

अवी, मी या १९.३ साठी एवढा का भांडतोय? ती लाइन आता उरली नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या दहा-बारा वर्षांत सगळी ब्रॉडगेज झाली. लातूरला, पंढरपूरला आज मोठी गाडी जाते आणि लोकांची सोय झाली, ते चांगलंच झालं. पण दोन मापांचे रूळ एका यार्डात बघितलेली पोरं आता होणार नाहीत. आपल्या सोलापुरात तर मीटरगेजही होतं, गोलघुमट एक्सप्रेस इथून त्याच रुळावरून सुटायची. एका जिल्ह्यात तिन्ही गेज! काका सांगतात तेव्हा मी वहीत लिहून घेतो: दाराची कडी कुठल्या बाजूला, ब्रेकचा दांडा कसा वाकलेला. हे आत्ता विचारलं तर कळणार. पुण्याला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आपण दोघांनी बघितलंय. एक माणूस मनावर घेतो तेव्हा काय उभं राहतं ते तू डोळ्यांनी पाहिलंयस.

तेव्हा माझं मागणं असं. ब्रॉडगेजच्या दोन बंद वाघिणी तू कर, १९.३ वर. चाकं बाजारचीच चालतील, फक्त एक्सल लांब लागेल. २ मिलिमीटरची स्टीलची सळई लेथवर दोन्ही टोकांना टोकदार करून घे, आणि चाकं आमच्या पितळी ठोकळ्यावर बसव. तसा दुसरा ठोकळा काढून घेतलाय, उद्या कुरिअरने टाकतो. तुझा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ आहे. खरं सांगतो, त्या वाघिणी तुझ्याच हातच्या हव्यात.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला ये. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट आत्ताच काढ, यात्रेच्या दिवसांत मिळत नाही. नंदीध्वज बघू, हुरडा खाऊ, आणि रविवारी फळ्या जोडून बघू. वहिनींना नमस्कार. त्यांच्यासाठी शेंगाचटणी काढून ठेवलीय.

तुझा,
दिलीप

ता.क. येताना दादरहून ३ मिलिमीटरची कॉर्कशीट आण, इथे जाड मिळते. गाडीचा रूळ बदलणाऱ्या पॉइंटच्या मोटारी मात्र आणू नकोस. सायकलच्या स्पोकने ओढायचे दांडे बसवलेत, आणि काकांनी ते काम स्वतःकडे घेतलंय.