ओसाड, पण बेवारस नव्हे

रविवारच्या पुरवणीतील पडक्या इमारतींच्या छायाचित्रणावरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेखच, पण मालकाच्या लेखी परवानगीबद्दल त्यात चकार शब्द नाही. इमारत ओसाड असली तरी बेवारस नसते. दार उघडे सापडले म्हणून आत शिरणे गुन्हा ठरू शकतो. परवानगी काढूनही मी एका बंद कारखान्यात वरवर धड दिसणाऱ्या फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेलो. लाकूड आतून पार भुसभुशीत झाले होते. सोबत मित्र होता म्हणून निभावले. जखम निदान दिसते तरी. जुन्या इमारतींच्या छपराच्या पत्र्यांत वापरलेल्या अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे हवेत उडणारे तंतू दिसत नाहीत, साध्या कापडी मास्कने अडत नाहीत आणि त्यांचा आजार अनेकदा २०-३० वर्षांनी डोके वर काढतो. यापुढे अशा छायाचित्राखाली परवानगी कोणाची घेतली, हेही छापावे.

– एक वाचक