‘मला कळलं नाही’ म्हणायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही, माझंही लिहिणार नाही. केस लेकीची आहे, तिचे कागद गोपनीय आहेत, आणि ती मोठी झाल्यावर कुणी परक्याने तिला तिच्या आठव्या महिन्याची गोष्ट ऐकवावी असं मला वाटत नाही. तरीही पत्र उघड लिहितेय, कारण नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत आलेल्या, इंग्रजी जेमतेम कळणाऱ्या माझ्यासारख्या बायका आणखी आहेत. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसणारं कुणी असेलच असं नाही.

ती रात्र तुम्हाला माहीत आहे, पण मला ती एकदा नीट लिहायची आहे. हे रात्रपाळीला होते. मी लेकीला घेऊन पलंगावर बसले होते आणि मला डुलकी लागली. ती खाली पडली. डाव्या दंडाचं हाड मोडलं. बाळंतपणानंतर मला नैराश्य आलं होतं, त्याच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी झोप यायची. हे सगळं मी इस्पितळात खरं सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी बालकल्याण विभागाला फोन केला. संशय आला की कळवणं त्यांना कायद्यानं भागच असतं, हे तुम्ही मला नंतर समजावलंत आणि त्या डॉक्टरांवरचा माझा राग तेव्हा कुठे उतरला.

विभागाची दोन माणसं आली. ती बोलत होती आणि मी मान डोलवत होते. आपल्याकडे समोरचा अधिकारी असला की आपण मान डोलावतो, ‘ऐकतेय’ एवढाच त्याचा अर्थ. मध्ये मध्ये ‘येस, येस’ म्हणत होते. मग त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली. अहवालात लिहून आलं की आईने सगळं मान्य केलं आणि मूल दुसरीकडे ठेवायला संमती दिली. त्या रात्री मी घरी आले तेव्हा माझ्या हातात रिकामं दुपटं होतं.

पहिल्या तारखेला तुम्ही भेटलात. कोर्टाने दिलेल्या वकिलांच्या ऑफिसातून आला होतात. आपण वकील नाही, हे तुम्ही बसता बसताच सांगितलंत. मग विचारलंत, ‘आत काय बोलले ते कळलं का?’ मी म्हटलं, हो. तुम्ही थांबलात. म्हणालात, ‘मग मला मराठीत सांगा बरं, काय बोलले?’

मला एक वाक्य सांगता आलं नाही. मी रडायला लागले. तुम्ही मला गप्प केलं नाहीत. पुरतं रडून झाल्यावर म्हणालात, ‘आजपासून एक वाक्य पाठ करा. मला कळलं नाही, मराठी दुभाषी द्या. हे इंग्रजीत म्हणायला शिका, बाकीचं इंग्रजी नंतर.’ ते वाक्य तुम्ही माझ्याकडून दहा वेळा म्हणून घेतलंत. मला लाज वाटत होती. कळलं नाही म्हणणं म्हणजे आपण अडाणी आहोत हे कबूल करणं, असंच मी तोवर समजत आले होते.

तुम्ही सांगितलंत की ही मेहरबानी नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे, त्यातलं टायटल सिक्स म्हणतं की केंद्र सरकारचा पैसा जिथे लागतो तिथे वंश, रंग किंवा मूळ देश यावरून कुणाशी भेदभाव करता येत नाही, आणि बालकल्याण विभागांना तो पैसा मिळतो. यात भाषा कुठून आली, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांची गोष्ट सांगितलीत. शाळेत सगळं इंग्रजीत, मुलांना काही कळत नाही, पण शाळा म्हणते आम्ही सगळ्यांना सारखंच शिकवतो. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की न कळणाऱ्या भाषेतलं सारखं शिकवणं ही समान वागणूक होत नाही. ती मुलं आणि मी एकाच बाकावर बसलोय असं मला वाटलं. पुढे मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी भाषेच्या मदतीबद्दलचा २००० सालचा आदेश मागे घेतला, तेव्हा मी घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘आदेश गेला, कायदा तिथेच आहे. तुम्ही दुभाषी मागतच राहा.’

त्यांनी दुभाषी दिला, पण हिंदीचा. भारतातली बाई म्हणजे हिंदी, असं त्यांनी धरलं होतं. फोनवरच्या त्या माणसाचा काही दोष नव्हता, तो त्याचं काम नीट करत होता. तो म्हणाला, आपको शिक्षा लेनी होगी, बारह हफ्ते. ताई, एरवी मला कळलं असतं. हिंदी सिनेमे मीही बघितलेत. पण त्या खोलीत, समोर तीन माणसं कागद घेऊन बसलेली असताना, माझ्या कानावर फक्त ‘शिक्षा’ आली. बारा आठवड्यांची शिक्षा. मला वाटलं मला तुरुंगात टाकतायत. मी उठून दाराकडे गेले. अहवालात आलं की आई चिडून बैठक सोडून निघून गेली, सहकार्य करत नाही.

मुलं सांभाळण्याचं शिक्षण देणाऱ्या वर्गाला जायला सांगत होते ते मला. बारा आठवड्यांचा वर्ग.

ही गोष्ट तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग वही काढलीत आणि तारीख, वेळ, कोण होतं, कोणता शब्द, सगळं लिहून घेतलंत. वकिलांनी ते जसंच्या तसं न्यायाधीशांपुढे ठेवलं. पुढच्या तारखेपासून मराठी दुभाषी आल्या. त्यांनी मला सल्ला द्यायचा नसतो, फक्त जे बोललं जाईल ते तसंच्या तसं पोचवायचं असतं, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. नाहीतर मी त्यांच्याच गळ्यात पडून रडले असते.

पण ज्याचे आभार कसे मानावेत हे मला अजून सुचत नाही, ती गोष्ट भेटींची आहे.

आठवड्यातून दोनदा, एक-एक तास, विभागाच्या खोलीत लेकीची भेट. कोपऱ्यात एक बाई लिहीत बसायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं की मुलीशी इंग्रजीतच बोला, तुम्ही काय बोलता ते मला टिपून घ्यायचं असतं. मी लेकीला मांडीवर घेतलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. आठ महिन्यांच्या बाळाशी इंग्रजीत काय बोलतात? माझं सोनं, माझी चिमणी, भूक लागली का गं, हे मला दुसऱ्या कुठल्या भाषेत येतच नाही. मी तिला नुसती छातीशी धरून बसायचे. ती माझ्या तोंडाकडे बघायची. बोलेना म्हणून तोंडात बोट घालायची, ओठ ओढायची. तीन आठवडे. आणि अहवालात काय आलं? ‘आई मुलीशी बोलत नाही. माया दिसत नाही.’

मला ते वाक्य दुभाषींनी वाचून दाखवलं त्या दिवशी मी जेवले नाही. आता सगळं संपलं असं वाटलं होतं. तुम्ही मात्र चिडलात. तुम्हाला चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. म्हणालात, ‘तुमचं तोंड त्यांनीच बांधलं आणि वर लिहितात की बोलत नाही!’ दोन दिवसांत वकिलांचं पत्र गेलं. टिपून घ्यायचं असेल तर दुभाषी बसवा, आईची भाषा बंद करू नका. पुढच्या भेटीला त्या दुभाषी आल्या. मी लेकीला उचललं आणि म्हटलं, ‘कशी आहे गं माझी बाय?’ तिने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं ना ताई, की कोपऱ्यातल्या त्या लिहिणाऱ्या बाईंनीही पेन खाली ठेवलं.

माझ्या आजाराचंही तसंच. फायलीत जागोजागी लिहिलं होतं की आईला मानसिक आजार आहे, आणि त्याखाली दुसरं काही नाही, जणू तेवढं पुरेसं आहे. मी ते गुन्ह्यासारखं लपवायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, लपवू नका, उलट पुढे ठेवा. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं सेक्शन ५०४ आणि १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा, दोन्ही बालकल्याणाच्या केसला लागू होतात, आणि नैराश्य रोजचं जगणं अडवण्याइतकं असेल तर ते त्यांतल्या अपंगत्वाच्या व्याख्येत बसतं. ऑगस्ट २०१५ मध्ये केंद्राच्या न्याय आणि आरोग्य अशा दोन्ही खात्यांनी मिळून विभागांना हे लिहून कळवलंय. प्रत्येक आईबापाकडे त्यांच्यापुरतं बघा, समजुतींवरून ठरवू नका, आणि लागेल ती सोय करून त्यांना बरोबरीची संधी द्या. २०२४ मध्ये सेक्शन ५०४ चे नियम नव्याने आले, त्यात तर बालकल्याणाचं वेगळं कलमच घातलं गेलं. हे ऐकून मी डॉक्टरांकडे गेले, गोळीची वेळ बदलून घेतली, आणि त्यांनी लिहून दिलं की आता झोपेचा त्रास नाही. विभागाने ते पत्र स्वीकारलं आणि सकाळचा वर्ग बदलून दुपारचा दिला. एवढीच सोय मला हवी होती.

तुम्ही मला खोटी आशा कधी दिली नाहीत, याचेही आभार. दत्तक आणि सुरक्षित कुटुंबांबद्दलच्या १९९७ च्या कायद्याचं घड्याळ तुम्ही पहिल्याच महिन्यात समजावलंत. मूल शेवटच्या २२ महिन्यांतले १५ महिने विभागाच्या ताब्यात, घराबाहेर राहिलं की आईबापाचा हक्क कायमचा संपवण्यासाठी अर्ज करणं विभागाला सहसा भाग पडतं. मुलाला नातेवाइकांकडे ठेवलेलं असेल, किंवा ठरलेली मदत विभागानेच वेळेत दिली नसेल, तर त्याला अपवाद करता येतो. म्हणूनच तर तुम्ही हिंदी दुभाष्याची, इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गाची प्रत्येक तारीख वहीत लिहायला लावत होतात! मला तेव्हा ते उगाच वाटायचं. नातेवाइकांचंही तुम्हीच काढलंत. मूल काढून घेतलं की ३० दिवसांत मोठ्या नातेवाइकांना शोधून कळवायचं असतं, हे २००८ पासून कायद्यात आहे. माझ्या नणंदेला कुणी कळवलंच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात लेक तिच्या घरी गेली, त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले.

आणि केंद्राच्या आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयात तक्रार करायची का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही स्पष्ट सांगितलंत की करता येते. भेदभाव झाल्यापासून १८० दिवसांत करावी लागते आणि केली म्हणून कुणी सूड घेऊ शकत नाही. ‘पण तक्रारीने लेक घरी येत नाही. ती न्यायाधीशांकडेच मागावी लागते. त्यामुळे जे काही आहे ते वकिलांकडून कोर्टात मांडलं गेलंच पाहिजे.’ हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी अर्ज पाठवून वाट बघत बसले असते आणि महिने निघून गेले असते.

गरीब आईबापाला प्रत्येक केसमध्ये वकील दिलाच पाहिजे असं राज्यघटना म्हणत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ठरवलंय. बहुतेक राज्यं आपापल्या कायद्याने वकील देतात, म्हणून तो पहिल्या तारखेलाच मागायचा. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण यांनी आधी ‘आपण काही गुन्हा केलेला नाही, वकील कशाला’ असंच म्हटलं होतं. आणि दुसरा निकाल १९८२ चा. हक्क कायमचा काढून घ्यायचा तर साधा पुरावा चालत नाही, स्पष्ट आणि खात्रीचा लागतो, आणि आईबाप आदर्श नाहीत एवढ्यावरून त्यांचा हक्क विरून जात नाही. हे तुम्ही मला गाडीत सांगितलंत. मी आदर्श आई नाही, मला डुलकी लागली होती. ती चूक माझीच, आणि तुम्हीही ती माझी नाही असं कधी म्हणाला नाहीत. फक्त त्या एका चुकीवरून मला पुरतं मोजू दिलं नाहीत.

नऊ महिन्यांनी लेक घरी आली. त्यानंतरचे सहा महिने विभागाची बाई घरी येऊन जायची. प्रत्येक वेळी मी फोनवर दुभाषी घ्यायला लावला.

गेल्या आठवड्यात केस बंद झाल्याचा कागद आला. केसवर्कर बाई हसत म्हणाल्या, चांगली बातमी आहे, इथे सही करा. मी म्हटलं, मला कळलं नाही, मराठी दुभाषी द्या. त्या म्हणाल्या, अहो, केस संपली, एवढंच आहे. मी म्हटलं, तेच मला माझ्या भाषेत ऐकायचंय. दुभाषी जोडायला वेळ लागला. कागद चार पानांचा होता. लेक माझ्या मांडीवर बसून पेनाचं टोपण चावत होती. शेवटची ओळ वाचून झाल्यावर मी ती ओळ पुन्हा एकदा वाचायला सांगितली, आणि मग तिच्या हातातून टोपण काढून घेतलं आणि सही केली.

तुमची वही माझ्याकडेच राहिली आहे. पुढच्या आठवड्यात लेकीला घेऊन ती परत द्यायला येते.

तुमची,
तिची आई