दुसरी बरणी कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा नातवाबरोबर आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहिले. आठवीतल्या एका मुलाने ‘कोल्ड फ्यूजन’, म्हणजे नेहमीच्या तापमानाला अणुकेंद्रे जोडून ऊर्जा मिळवणे, मांडले होते: बरणीत सोड्याचे पाणी, निकेलच्या दोन पट्ट्या, बॅटरी आणि थर्मामीटर. पाणी तापले की ही अणुऊर्जा! परीक्षकांनी पहिला नंबर दिला. पोरगा हुशार आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. शेजारी तुलनेसाठी दुसरी, वीज न जोडलेली बरणी का नाही, हे एकाही मोठ्या माणसाने विचारले नाही, ही तक्रार आहे.

मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. 23 मार्च 1989 ला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन असलेल्या पाण्यात) पॅलेडियम या मौल्यवान धातूची कांडी ठेवून वीज सोडली आणि हिशेबापेक्षा जास्त उष्णता मिळाल्याचे जाहीर केले. पॅलेडियम आपल्या आकारमानाच्या 900 पट हायड्रोजन शोषते. तसेच ड्यूटेरियम ठासून भरले की अणुकेंद्रे जुळतील, असा त्यांचा अंदाज. आमचे सर पेटलेच. इतवारीत सराफाला पॅलेडियम विचारले, तर तो म्हणाला, ‘सोने पाहा ना, भाऊ!’ शेवटी सरावापुरती निकेलची पट्टी आणि साधे पाणी घेतले.

मे महिना. दुपारी लाइट गेली, कूलर बंद. प्रयोग मात्र मोटारीच्या बॅटरीवर चालूच. तासाभरात पारा हिशेबापेक्षा दीड अंश वर! सरांनी शिपायाला पेढ्यांना पिटाळले. तेवढ्यात मला टेबलाच्या टोकाला, कशालाच न जोडलेले पाण्याचे बीकर दिसले. त्यात थर्मामीटर बुडवला. तेही दीड अंशाने चढले होते. पेढे आले होते, ते खाल्ले.

युटावाल्यांनाही हेच विचारले गेले: साध्या पाण्यात करून पाहिले का? पाणी नीट ढवळले होते का? शिवाय तेवढी उष्णता खरोखर फ्यूजनची असती, तर सोबत निघणाऱ्या न्यूट्रॉन या अणुकणांच्या माऱ्यात प्रयोग करणारे वाचलेच नसते. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही संचालक पी. के. अय्यंगारांच्या काळात न्यूट्रॉन आणि ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) आढळल्याची नोंद झाली, म्हणून मी त्याला थोतांड म्हणत नाही. पण गुगलच्या पैशाने झालेल्या तपासणीतही 2019 पर्यंत पुरावा हाती लागला नाही.

त्या मुलाला माझे दोन जुने थर्मामीटर द्यायचे कबूल केले आहे. आधी दोन्ही एकाच पाण्यात बुडवून बघ म्हटले, त्यांच्यातच पाव अंशाचा फरक आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नागपूर