डिकी मोज, मग बॉक्स घे

डोंबिवली
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये होतो. एका हातात कडी, खांद्यावर बेस गिटार, त्यामुळे "नंतर सांगतो" म्हणून ठेवून दिला. ते नंतर आज उजाडलं. मोबाइलवर टाइप करायला बसलो तर दोन ओळींत अंगठा भरून आला, म्हणून सरळ कागद घेतला.

तू पाठवलेले चारही फोटो पाहिले. प्रत्येक हेडवर, म्हणजे बेसच्या अ‍ॅम्प्लिफायरवर, ५००, ८०० असं काहीतरी ठळक छापलंय, आणि तू विचारलंयस एकच, "यातलं सगळ्यात जास्त वॅटचं घेऊ ना?" खाली कुठला स्पीकरचा बॉक्स लावणार, याबद्दल एक अक्षर नाही. लेका, बँडमध्ये होतो तेव्हाही तू असाच होतास. बाइक घेताना सीसी विचारायचास, अ‍ॅव्हरेज नाही.

आधी माझी फजिती ऐक. तुला मी ही कधीच सांगितली नाही, कारण तू वर्षभर सगळ्यांना सांगत फिरला असतास.

माझ्याकडे एक आठ ओहमचा बॉक्स होता (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), बारा इंची स्पीकरचा, बरा वाजायचा. गणपतीच्या तोंडावर एका ठिकाणी जुना चार ओहमचा बॉक्स स्वस्तात मिळाला. विकणारा म्हणाला, "लावा बिनधास्त, दोन बॉक्स म्हणजे डबल आवाज." मी लावले. सोसायटीच्या मैदानावर कार्यक्रम, समोर खच्चून गर्दी. पहिला तास असा वाजला की मी स्वतःवरच खूश. दुसऱ्या तासात एका गाण्याच्या अंतऱ्यात हेडवरचा लाल दिवा लागला आणि बेस गायब. ढोलकीवाला वाजवतोय, गायिका मागे वळून माझ्याकडे बघतेय, आणि मी मुकी तार उपटतोय. कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस धरला म्हणून अब्रू वाचली. बंद करून चालू केला की दहा मिनिटं चाले, मग पुन्हा लाल दिवा. रात्री घरी येऊन हेड उलटं करून पाहिलं तर मागच्या पट्टीवर स्वच्छ छापलेलं, किमान चार ओहम. मी ते दोन वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं.

आता त्यामागचं गणित. हेड म्हणजे गच्चीवरची टाकी समज आणि बॉक्स म्हणजे नळ. ओहम जितके कमी, तितका नळ रुंद. आठ ओहमचे दोन बॉक्स एकत्र लावले की टाकीला ते चार ओहमच्या एका नळासारखे दिसतात. चार आणि चार लावले तर दोन. माझे आठ आणि चार मिळून झाले २.६७, म्हणजे हेडच्या मर्यादेच्या खाली. वर त्या चार ओहमवाल्याने आठवाल्याच्या दुप्पट पॉवर ओढली ती वेगळीच. एक बॉक्स धापा टाकतोय आणि दुसरा आरामात बसलाय, असं ते प्रकरण. हेडने स्वतःला बंद करून घेतलं हे माझं नशीब, नाहीतर जळलंच असतं.

म्हणून पहिली गोष्ट, हेडवर छापलेला आकडा कुठल्या ओहमला आहे ते बघ. मार्कबास या इटालियन कंपनीचं लिटल मार्क थ्री घे उदाहरणाला. त्याचे ५०० वॅट चार ओहमला मिळतात, आठला ३००. तू एकच आठ ओहमचा बॉक्स लावलास तर हातात ३०० आले. पण त्याने खचून जाऊ नकोस. ३०० आणि ५०० मधला फरक कानाला दोन-सव्वादोन डेसिबलचा. वॅट दुप्पट केले तर जेमतेम तीन डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. त्या ८००च्या आकड्यासाठी तू जे जास्तीचे पैसे मोजणार आहेस, ते मागच्या रांगेतल्या काकांना ऐकूही येणार नाहीत.

बॉक्सवर मात्र खर्च केलेला ऐकू येतो. बॉक्सच्या माहितीत सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो, एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. एक बॉक्स ९४चा आणि दुसरा १००चा असेल, तर १००वाल्याला १०० वॅट दिले की ९४वाल्याला ४०० दिल्यासारखं. आता तू म्हणशील, मग १००वालाच घेऊ. थांब. स्पीकरवाल्यांचा एक जुना कायदा आहे, हॉफमनचा. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' तो हाच. लहान बॉक्स, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतले कुठलेही दोन माग, तिसरं सोडावं लागतं. लहानशा खोक्यात १०० डेसिबल दिसले तर समज की खाली खर्ज नाही, किंवा छापणाऱ्याने हात सैल सोडलाय.

आणि "मोठा स्पीकर म्हणजे खोल आवाज" हे डोक्यातून काढ. फिल जोन्सच्या कंपनीचे बेसचे बॉक्स पाच-पाच इंची स्पीकरांवर चालतात. खोली किती मिळणार हे ठरतं ते बॉक्सच्या पोटावर, पोर्टवर, म्हणजे त्याच्या हवेच्या भोकावर, आणि स्पीकरचा पडदा किती पुढेमागे होतो त्यावर. शिवाय कान फसतो, आणि बरंच झालं. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांची, पण ती छेडली की ८२, १२३ असे वरचे स्वर बरोबर निघतात आणि पुष्कळदा ८२चाच जोर जास्त असतो. खालचा स्वर कान आपणहून भरून घेतो. तुझ्या आत्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायचा आठवतं? तेच, उलट्या बाजूने. तुझ्या नव्या पाच तारांच्या बेसची बी ३१ हर्ट्झची. लहान बॉक्स ती नीट हलवूच शकत नाही, नुसता पडदा फडफडतो आणि वॅट वाया जातात. म्हणून हेडमध्ये हाय-पास फिल्टर, म्हणजे अगदी खालचे स्वर कापणारी सोय, असेल तर उत्तम. तळाचा तो फुकाचा गाळ कापला की वरचा आवाज ठोस होतो.

वजनाचं सांगतो, कारण तुझी कंबर आणि माझी कंबर एकाच वर्षाची आहे. १९६९मध्ये अँपेग या अमेरिकन कंपनीने एसव्हीटी नावाचा बेसचा अ‍ॅम्प काढला. ३०० वॅट, चौदा व्हॉल्व्ह, नुसतं हेड चाळीस किलोच्या आसपास, आणि खाली दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला. त्यांच्याकडे उचलायला माणसं होती. त्याच अँपेगचा १९६०चा पोर्टाफ्लेक्स मात्र माझा लाडका. पंधरा इंची एकच स्पीकर, पंचवीस-तीस वॅट, आणि वाजवून झालं की हेड उलटं होऊन बॉक्सच्या पोटात जायचं, गरा फणसात जावा तसं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन त्यावर वाजवायचा. तीस वॅट! आणि तू मला ८००चे फोटो पाठवतोस.

आता हेड किलोभराचंही मिळतं. गॅलियन क्रूगरचं एमबी २०० हातात घे, दिवाळीच्या मिठाईचा डबा धरल्यासारखं वाटतं. हे जमलं ते क्लास डी नावाच्या अ‍ॅम्पच्या पद्धतीमुळे. त्यात ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून तापत बसत नाही, सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद होतो, त्यामुळे ते अ‍ॅल्युमिनियमचे भलेमोठे उष्णता काढणारे पत्रे लागत नाहीत. लोखंडाच्या जड ट्रान्सफॉर्मरची जागाही स्विचिंगच्या सप्लायने घेतली. बॉक्सचं वजन कमी झालं निओडिमियम चुंबकामुळे. जुन्या फेराइट चुंबकाचा स्पीकर एका हाताने धरवत नाही. निओचा बारा इंची बॉक्स मी तिसऱ्या मजल्यावर एका हाताने नेतो, आणि आमच्याकडे लिफ्ट नाही.

मी कार्यक्रमाला लगेजच्या डब्यातून जातो. परवा बॉक्स दाराजवळ ठेवला होता, तर एक मावशी टोपली टेकवून त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "पेटी चांगली आहे रे, काय भरलंय?" म्हटलं, हवा. त्या ठाण्यापर्यंत हसत होत्या. तुझं तसं नाही, तुझी गाडी आहे. पण तुझ्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे हे तू विसरलास! दोन बारा इंचींचा एकत्र बॉक्स डिकीत जाणार नाही आणि मागच्या दारातूनही आडवा जाणार नाही. आधी दाराची रुंदी मोज. मी गंमत करत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने बॉक्स घेतला आणि तो अजून टेम्पोनेच जातो.

म्हणून माझं ऐकशील तर असं कर. आत्ता एकच बारा इंची, आठ ओहमचा, निओडिमियमवाला बॉक्स घे. सगळे पैसे त्यात घाल. हेड चार ओहमला चारशे-पाचशे वॅट देणारं, साधंसं, जुनं मिळालं तरी चालेल. हॉटेलातल्या लहान कार्यक्रमाला, तालमीला एवढं पुरतं. पुढच्या लग्नसराईत लॉनची कामं वाढली की हुबेहूब तसाच दुसरा घे. तोच मॉडेल, तेच ओहम. वेगळ्या घराण्याचे दोन बॉक्स एकत्र लावले की काही सूर फुगतात आणि काही गिळले जातात, आणि शोधत बसावं लागतं की चूक बोटांची की बॉक्सची. दोन झाले की एकावर एक उभे ठेव. शेजारी-शेजारी ठेवलेस तर बाजूला उभ्या ढोलकीवाल्याला वेगळाच आवाज जातो, आणि एकटा जमिनीवर ठेवलास तर बोटांचा खणखणीतपणा तुझ्या पोटऱ्यांना ऐकू येतो, तुला नाही. खर्ज मात्र चहूकडे पसरतो. बॉक्स आडोशाला ठेव, भिंतीला लाव, तो वाढतोच. ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, असेल तर मागे त्याचा नॉब आहे का बघ. तू तारांवर अंगठ्याची थाप मारून वाजवत नाहीस, तुला तो पाव उघडला तरी पुरे.

घरी आणून पारख मात्र करू नकोस. माझी खोली दहा बाय दहाची. दहा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो सूर अडकून घुमतो तो साधारण ५६ हर्ट्झचा, आणि आपली मोकळी ए तार ५५ची. मी नवा बॉक्स लावला आणि ए छेडली की शेजारच्या काकूंच्या मांडणीवरची पितळी भांडी बोलायला लागतात. डी वाजवली तर चिडीचूप. आठवडाभर मी त्या बॉक्सलाच शिव्या देत होतो, मग तालमीच्या हॉलवर नेला तर सरळ सालस वाजला. म्हणून दुकानात जा, स्वतःचा बेस घेऊन जा, इक्वलायझरचे सगळे नॉब मध्यावर ठेव आणि दोन वेळा वाजव. एकदा हळू, एकदा कार्यक्रमाइतकं मोठं. हळू आवाजात सगळेच बॉक्स गोड वाटतात. मोठ्याने, खालच्या फ्रेटवर, एकेक सूर लांब धर, आणि कुठला सूर कोरडा, कुठला फुगतो, कुठे पडदा फरफरतो ते ऐक. जुना घेत असशील तर पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत दाब. घासल्यासारखी खरखर लागली तर चहा पिऊन परत ये.

किरकोळ दोन-तीन गोष्टी. बॉक्सला गिटारची केबल लावायची नाही, स्पीकरची जाड वायर लाव, शक्यतो स्पीकॉन या फिरवून अडकणाऱ्या प्लगची. दिसायला दोन्ही सारख्या, पण गिटारची आतून केसाएवढी असते आणि मोठ्या आवाजाला गरम होते. साऊंडवाल्याला लाइन द्यायला हेडवर डीआय, म्हणजे थेट मिक्सरला जोडायचा सॉकेट, असावा. तिथे गुणगुण आली तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाब, पण मंडपवाल्याचं ऐकून प्लगची अर्थ पिन कधी काढू नकोस. आणि बाहेरून मागवलेलं काही घेत असशील तर ते २३० व्होल्टचं आहे का ते पाठीमागे वाच. वाचायची सवय मला एका लाल दिव्याने लावली, तुला पत्राने लागू दे.

एखाद्या शनिवारी इकडे ये. माझा बॉक्स तालमीच्या हॉलवर नेऊ, तुझ्या पाचही तारा त्यावर वाजवून बघू, आणि आवडला तर सोमवारी दोघं मिळून धोबीतलावाला वाद्यांच्या दुकानात जाऊ. येताना गाडीच्या मागच्या दाराची रुंदी कागदावर लिहून आण. बायको म्हणतेय, तांबडा रस्सा पार्सल आणला नाहीस तर वर घेणार नाही.

तुझा,
पम्या

ता. क. तो चार ओहमचा बॉक्स अजून आहे. गॅलरीत उभा केलाय, त्यावर आईची तुळस ठेवलीय. तू विचारशील म्हणून आधीच सांगतो, विकायचा नाही.