काका, ६७ नंबरची पिन सरळ झाली

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. ‘अगं, झालं ना काम, मग पुरे,’ म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. जुन्या लॅपटॉपपाशी माझ्यासारखंच कुणी अडून बसलं असेल, तर त्यालाही उपयोग होईल.

तुम्हाला पहिला फोन केला तेव्हा मी हात टेकले होते. बाबांनी चित्रित केलेल्या मिनी-डीव्हीच्या अकरा कॅसेट आणि चालू स्थितीतला कॅमेरा एवढं हाताशी होतं. पण त्यातलं चित्रण संगणकावर आहे तसं उतरवायला फायरवायर नावाचं जुन्या पद्धतीचं पोर्ट लागतं आणि नव्या लॅपटॉपला ते नाही. यूएसबीत बसणारं एक कनेक्टर आणून पाहिलं, त्याने काहीच झालं नाही. दोन्हींची बोलायची पद्धतच निराळी, नुसत्या वायरीने ती जुळत नाही, हे तुम्ही नंतर समजावलंत. मग जुना लॅपटॉप काढला आणि त्याच्या कडेच्या कार्डबस स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्ड बसवायच्या खाचेत, फायरवायर कार्ड घातलं. ते कधी दिसायचं, बहुतेक वेळा नाहीच. ड्रायव्हर बदलले, दोनदा विंडोज नव्याने टाकलं. ज्याला विचारावं तो म्हणे, भंगारात काढ.

तुम्ही मात्र विचारलंत, ‘कार्ड दिसतं तेव्हा तुझा हात कुठे असतो?’

इतक्या दिवसांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हात कार्डावरच असायचा, अंगठ्याने किंचित वर रेटलेला. मग तुम्ही पेन ड्राइव्हवरून, विंडोजऐवजी, लिनक्स ही दुसरी प्रणाली चालू करायला लावलंत, काहीही इन्स्टॉल न करता. अंगठा दाबून ‘एलएसपीसीआय’ ही जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड दिली की यादीत कार्डाची ओळ यायची, अंगठा काढून पुन्हा दिली की ओळ गायब. ‘म्हणजे विंडोजला दोष देऊ नकोस, आधी स्लॉट बघ,’ तुम्ही म्हणालात. महिनाभराची खटपट त्या दहा मिनिटांत एका जागी येऊन थांबली.

चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं. मग टॉर्च आणि भिंग. आत ६८ पिना, ३४-३४ च्या दोन ओळींत. त्या सगळ्या एका उंचीच्या नसतात, हे मला तेव्हा कळलं. वीज आणि ग्राउंडच्या पिना सर्वांत लांब, कारण त्या आधी जुळायला हव्यात. कार्ड आल्याची खूण देणाऱ्या दोन पिना सर्वांत आखूड, ३६ आणि ६७ नंबरच्या, दुसऱ्या ओळीच्या दोन टोकांशी, कडेपासून दुसऱ्या. त्या दोन्ही टेकल्या तरच कार्ड पुरतं आत बसलंय असं लॅपटॉप मानतो. माझी ६७ नंबरची पिन शेजारणीकडे झुकली होती. कधीतरी कार्ड तिरकं घुसवलं असणार.

चिमटा घेऊ नकोस, असं तुम्ही बजावलंत. ०.५ च्या क्लच पेन्सिलचं पोकळ टोक पिनेवर चढवायचं आणि अगदी हळू सरळ करायचं. त्याआधी आतलं शिसं पूर्ण काढून टोक पुसून घ्यायचं, कारण त्या शिशातून वीज वाहते, कण आत पडला तर नवीन दुखणं. तुम्ही चाळीस मिनिटं फोनवर होतात. ‘थोडं झालं की थांब, टॉर्च मारून बघ, मग पुढे.’ तुम्ही स्वतः येऊन ते पाच मिनिटांत केलं असतं. पण तुम्ही माझ्या हातून करून घेतलंत, याचं मोल मला फार आहे.

हात काढल्यावरही कार्ड दिसू लागलं. पुढे विंडोज ७ मध्ये कार्ड होतं, पण कॅमेऱ्याचं चित्र अडकायचं. तेही तुम्हाला ठाऊक होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या १३९४ (म्हणजे फायरवायरच) कंट्रोलरसाठी यादीतला ‘लेगसी’, म्हणजे जुना, असं लिहिलेला ड्रायव्हर निवडला आणि भागलं.

तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो, जागा साधारण १३ जीबी. पहिल्याच कॅसेटमध्ये आजी दिसली. कॅमेऱ्याच्या दिव्याने डोळे बारीक करून बाबांना म्हणत होती, ‘अरे, तो दिवा बंद कर आधी, मग बोलते.’ तिचा आवाज मी विसरत चालले होते, काका. आईला हाक मारली, तिने येऊन उभ्याउभ्याच सगळं पाहिलं.

नऊ कॅसेट उतरून झाल्या, दोन प्रतींत ठेवल्या आहेत. दोन राहिल्यात. कार्ड आता मी दोन्ही हातांनी, सरळ धरून आत सरकवते. आणि ती पेन्सिल शिसं न घालता लॅपटॉपच्या पिशवीतच ठेवली आहे.

तुमची अत्यंत ऋणी.