पाककृती छापा, पण वजनासह

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या शनिवार-रविवारच्या पुरवण्यांत पाव, पिझ्झा, केक, बिस्किटे यांच्या पाककृती आता नियमित येतात. अनेक घरांत ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आला आहे, छोट्या गावांतल्या दुकानांतही इन्स्टंट यीस्ट मिळू लागले आहे. त्यामुळे या पाककृती लोक नुसत्या वाचत नाहीत, करूनही बघतात. म्हणूनच त्या कशा छापल्या जातात, याबद्दल हे पत्र.

‘दोन वाट्या मैदा, चमचाभर यीस्ट, चवीनुसार मीठ, लागेल तसे पाणी, गरम ओव्हनमध्ये भाजावे’ एवढ्यावर बहुतेक पाककृती संपते. आमटी-भाजीला हे चालते, कारण चव बघत बघत ती सुधारता येते. पाव एकदा ओव्हनमध्ये गेला की त्यात काही सुधारता येत नाही. बेकिंगच्या पाककृतीत ग्रॅममधले वजन, टिनचे माप, तापमान आणि वेळ नसेल, तर ती अपुरी आहे असे आम्ही मानतो. आमचे दुसरे म्हणणे असे, की दर आठवड्याला नवा पदार्थ देण्याऐवजी तीन मूळ मिश्रणे नीट समजावून द्यावीत. त्यांतून वर्षभर पुरतील इतके पदार्थ निघतात.

आधी वाटीचे बघू. आमटीची वाटी कोणाकडे १५० मिलिलिटरची असते, कोणाकडे २०० ची. मापाचा २४० मिलिलिटरचा कप घेतला, तरी चमच्याने हलका भरल्यास त्यात १२० ते १२५ ग्रॅम मैदा बसतो आणि तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. मैदा पाचव्या हिश्शाने वाढला आणि पाणी तेवढेच राहिले, की पीठ घट्ट होते आणि पाव फुगत नाही. दोष मात्र यीस्टला दिला जातो. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा काही शे रुपयांत मिळतो. नवे मोल्ड, नोझल घेण्याआधी तो घ्यावा.

आता पहिले मिश्रण, यीस्टचे पीठ. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२० मिलिलिटर, साखर २५ ग्रॅम, दूध पावडर २० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम आणि लोणी किंवा तेल ३० ग्रॅम. एकूण ९१० ग्रॅम पीठ होते. बेकरीवाले मैद्याला १०० धरून बाकी सगळे टक्क्यांत मोजतात. त्या हिशेबाने यात पाणी ६४ टक्के आणि मीठ १.८ टक्के आहे. मीठ ‘चवीनुसार’ का नको, ते इथे कळते. मीठ यीस्टचा वेग आवरते आणि पिठाला ताण देते. ते विसरले तर पीठ भराभर फुगते, सैल पडते आणि पाव फिका होतो. फार जास्त पडले तर फुगायलाच तासन्‌तास लागतात.

इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येते. अॅक्टिव्ह ड्राय असेल तर साधारण ८ ग्रॅम घ्यावे आणि कोमट पाण्यात १० मिनिटे भिजवावे, वर फेस यायला हवा. बेकरीतून ओले यीस्ट आणले तर ते १८ ग्रॅम लागते. कोणते यीस्ट हे न सांगता ‘दोन चमचे यीस्ट’ छापले, तर तिसऱ्या प्रकारातल्या वाचकाचा पाव फुगणार नाही, हे उघड आहे. पाणी ३५ ते ४० अंशांचे, म्हणजे बोट बुडवून सहज ठेवता येईल इतपत कोमट असावे. ६० अंशांच्या पाण्यात यीस्ट मरते. उघडलेले पाकीट हवाबंद डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवावे.

मळण्यात सर्वांत मोठी चूक होते ती पोळीच्या कणकेच्या सवयीमुळे. पावाचे पीठ सुरुवातीला हाताला चिकटलेच पाहिजे. चिकटते म्हणून वरून कोरडा मैदा घालत गेले, की ३२० मिलिलिटर पाण्याला ५८०-६०० ग्रॅम मैदा होतो आणि पाव दुसऱ्या दिवशी सुकून जातो. पाण्यातले २० मिलिलिटर मागे ठेवावे, कारण प्रत्येक मैदा सारखे पाणी पीत नाही. लोणी सोडून सगळे कालवून २० मिनिटे झाकून ठेवावे. या वेळात मैदा पाणी शोषतो, ग्लुटेन, म्हणजे पिठाला लवचीकपणा देणारे प्रथिनांचे जाळे, आपोआप जुळू लागते आणि पुढचे कष्ट निम्मे होतात. मग लोणी घालून १० मिनिटे मळावे. ओट्यावर मैदा भुरभुरवण्याऐवजी हाताला तेल लावावे. पिठाचा लहान तुकडा बोटांनी ताणून उजेडाकडे धरला, की तो न फाटता पातळ पडद्यासारखा पसरायला हवा. फाटत असेल तर आणखी तीन-चार मिनिटे मळायचे.

‘एक तास झाकून ठेवा’ हे वाक्य महाराष्ट्रात सगळीकडे, सगळ्या ऋतूंत खरे नसते. स्वयंपाकघरात २८-३० अंश असतील तर पीठ तासाभरात दुप्पट होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ते ३५-४० मिनिटांतच होऊन पुढे आंबट वास मारू लागते. तिथे यीस्ट ३ ग्रॅम आणि पाणी माठातले किंवा फ्रीजमधले घ्यावे. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात दोन तासही लागतात. अशा वेळी बंद ओटीजीत पिठाशेजारी गरम पाण्याचे भांडे ठेवले तर बरे पडते, फक्त ओटीजी चालू करायचा नाही. घड्याळापेक्षा पिठाचा आकार बघावा. सरळ उभ्या डब्यात पीठ ठेवून बाहेरून खूण केली की दुप्पट झाले का, ते नेमके दिसते.

दुप्पट झालेले पीठ अर्धे करावे. एका अर्ध्याचे साधारण ५० ग्रॅमचे ९ गोळे होतात. आठ इंची चौकोनी टिनला तेल लावून तीन-तीनच्या ओळींत, मध्ये बोटभर फट ठेवून ते मांडावेत. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि पाव बाजूला पसरण्याऐवजी वर चढतो. लादी पावाच्या कडा मऊ असतात त्या यामुळेच. गोळा वळताना कडा खाली ओढून तळाशी चिमटायच्या, वरचा पृष्ठभाग ताठ राहिला पाहिजे. ३५ ते ४५ मिनिटांनी बोटाने हलके दाबून बघावे. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घालायची वेळ झाली, आणि तसाच राहिला तर उशीर झाला. उशीर झालेला पाव ओव्हनमधून काढल्यावर वरून सुरकुततो. घाईने घातलेला पाव कडेला फाटतो आणि आतून गच्च राहतो. दोन्ही तक्रारी वारंवार ऐकू येतात आणि दोन्हींचे कारण पाककृतीत एका ओळीत मावते.

ओटीजी दोन्ही कॉइल लावून १५ मिनिटे २०० अंशांवर तापवावा. पावावर दूध फिरवून टिन खालच्या रॅकवर ठेवावे, कारण लहान ओटीजीत वरची कॉइल फार जवळ असते. १८ ते २० मिनिटे लागतात. दहाव्या मिनिटालाच रंग चढला तर वर फॉइल झाकावी. बटणावरचे अंश आणि आतले अंश यांत २०-३० अंशांचा फरक सहज असतो, त्यामुळे आत टांगायचा लहान थर्मामीटर उपयोगी पडतो. बाहेर काढल्यावर वरून लोणी फिरवून पाच मिनिटांत पाव टिनमधून जाळीवर घ्यावेत, नाहीतर तळ ओला होतो. वरून स्वच्छ कापड झाकले की कवच मऊ पडते.

उरलेले अर्धे पीठ तेल लावलेल्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले तर दोन दिवस छान टिकते आणि सावकाश आंबल्यामुळे चवही वाढते. डबा मोठा घ्यावा, पहिल्या काही तासांत पीठ फुगतेच. वापरण्याआधी तासभर बाहेर काढावे. त्यातून नऊ इंचांचे दोन पिझ्झा होतात. ओटीजी जेवढा तापतो तेवढा, म्हणजे २३०-२५० अंशांवर तापवून १० ते १२ मिनिटे भाजायचे. सॉस पातळ असेल किंवा भाज्यांना पाणी सुटत असेल तर मधला भाग कच्चा राहतो. म्हणून सॉस आटवून घ्यावा आणि टोमॅटो-ढोबळी मिरचीचे काप मीठ न लावता घालावेत. याच पिठात बटाट्याची कोरडी भाजी किंवा खिमा भरून बन होतात, तीळ लावून काठ्या होतात, साखर-दालचिनी पसरून गुंडाळी करून कापल्या तर गोड रोल होतात.

कणकेबद्दल वाचक नेहमी विचारतात. मैद्याचा एक तृतीयांश भाग, म्हणजे १६५ ग्रॅमच्या आसपास, कणीक घातली तर पाव हलका राहतो. पाणी मात्र २५-३० मिलिलिटर वाढवावे, कारण चक्कीच्या पिठातला कोंडा आणि दळताना तुटलेला स्टार्च जास्त पाणी पितात. पूर्ण कणकेचा लादी पाव मैद्यासारखा फुगेल असे आश्वासन कोणी छापू नये. कोंडा ग्लुटेनचे जाळे कापतो. ज्यांना कणीकच हवी, त्यांनी गोव्याच्या पोईकडे वळावे. वरून कोंडा लावलेली, आतून पोकळ, जास्त आचेवर झटपट भाजलेली ती भाकरीसारखी चपटी पोई कणकेच्या स्वभावाला शोभते. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर (माडी) वापरत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असते.

दुसरे मिश्रण कोरडे आहे. मैदा १ किलो, बेकिंग पावडर ४० ग्रॅम, दूध पावडर १०० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, तीनदा चाळून. हे ११५० ग्रॅम होते, म्हणजे २३० ग्रॅमचा एक असे बरोबर पाच भाग. साखर मुद्दाम घातलेली नाही, म्हणजे गोड-तिखट दोन्हीकडे चालते. एका भागात पिठीसाखर १६० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, तेल ९० मिलिलिटर, दूध ६०-८० मिलिलिटर आणि पाव छोटा चमचा सोडा घातला, की सात इंची गोल टिनमध्ये अंड्याशिवायचा केक होतो. १७५ अंशांवर ३५ ते ४० मिनिटे. सोडा दह्यातल्या आंबटपणासाठी आहे. तो वाढवला म्हणून केक जास्त फुगत नाही, साबणासारखी चव आणि पिवळे डाग तेवढे येतात. साखर काढून, तेल ६० मिलिलिटर करून त्यात मक्याचे दाणे, कोथिंबीर, मिरची आणि ६० ग्रॅम किसलेले चीज घातले तर तिखट मफिन होतात, १८० अंशांवर २० मिनिटांत. दही-सोडा वगळून ३०० मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे तेल आणि चमचाभर साखर घातली की तव्यावर जाड पॅनकेक होतात.

ओले आणि कोरडे एकत्र झाले की फेटत बसायचे नाही. जास्त फेटल्याने ग्लुटेन तयार होते आणि केक चिवट होतो. गुठळी दिसेनाशी झाली की थांबावे. केक मध्ये बसला तर बहुधा ओव्हनचे दार पहिल्या २० मिनिटांत उघडले गेलेले असते किंवा मध्यभाग शिजण्याआधी टिन बाहेर निघालेले असते. टिनचे मापही म्हणूनच छापावे. सात इंचांऐवजी आठ इंची टिन घेतले तर तळाचे क्षेत्र ३० टक्क्यांनी वाढते. केक पातळ होतो आणि सांगितलेल्या वेळेत कोरडा पडतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे मिश्रण पाच भाग वेगवेगळ्या घट्ट बरण्यांत भरून महिन्याभरात संपवावे. बेकिंग पावडरला दमटपणा लागला की तिची क्रिया बरणीतच उरकते. शंका आली तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकावी, लगेच जोरात फसफसली तर ठीक.

ओटीजी नसलेल्यांना ‘कुकरमध्ये करा’ असा सल्ला सर्रास छापला जातो. तो छापताना शिट्टी आणि रबरी रिंग काढायलाच हवी, आत पाणी न घालता स्टँड ठेवायचा आणि आच मंद ठेवायची, हे न वगळता छापावे. रिकामा कुकर असा तापवणे त्याच्यासाठी चांगले नाहीच. जाड लोखंडी कढई आणि घट्ट झाकण अधिक बरे, नॉनस्टिक मात्र नको. वरून उष्णता नसल्याने केकला रंग येत नाही आणि पावाला ही पद्धत फारशी मानवत नाही, हेही स्पष्ट लिहावे. मायक्रोवेव्हचेही तसेच. कन्व्हेक्शन, म्हणजे आत गरम हवा फिरवण्याची सोय, असेल तरच वरचा रंग येतो.

तिसरे मिश्रण बिस्किटांचे. मैदा ३००, बिनमिठाचे लोणी २००, पिठीसाखर १०० ग्रॅम. मळायचे नाही, नुसते गोळा करून वळकटी करायची. फ्रीजरमध्ये ती महिनाभर राहते, हवी तेव्हा अर्धा सेंटिमीटरच्या चकत्या कापून १७० अंशांवर १५ मिनिटे भाजायच्या. जिरे-ओवा घालून साखर २० ग्रॅमवर आणली आणि दोन चमचे दूध घातले की खारी बिस्किटे. लोण्याऐवजी तूप घ्यायचे तर २०० नव्हे, १६५ ग्रॅम घ्यावे, कारण लोण्यात जवळपास १६ टक्के पाणी असते आणि तुपात ते नसते. हा फरक न सांगता ‘लोणी किंवा तूप’ छापले जाते आणि बिस्किटे ट्रेभर पसरतात.

दिवाळीच्या पुरवणीत नानकटाईची पाककृती बहुतेक येईलच. मैदा २००, बेसन ५०, पिठीसाखर १२५ आणि तूप १५० ग्रॅम, १६५ अंशांवर १६ ते १८ मिनिटे, एवढे आकडे तिच्यासोबत द्यावेत. आणि तूप वितळलेले नको, रवाळ थिजलेले हवे, तसेच ओव्हनमधून काढताना नानकटाई मऊच लागते, ती गार होताना कडक होते, ही दोन वाक्ये कृपया जागेअभावी कापू नयेत.

आपल्या नियमित वाचक,
गृहबेकिंग शिकवणाऱ्या दोघी, ठाणे